खापरं मोजायच्या आधी वावराची कुंडली विचारा



तुरी निघाल्या, चना काढून झाला, वावरं मोकळी झाली. आता मिरगापर्यंत जमीन उघडी राहील. या पानावर नेहमी बोंडअळी, चक्रीभुंगा न तणनाशकाचंच चाललेलं असते. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण वावरातलाच आहे.

याच दिवसांत कधी कधी तीन-चार पोरंपोरी पाठीवर पिशवी लावून, मान खाली घालून, एका रांगेत वावरातून चालताना दिसतात. आपल्याकडं त्यांच्याबद्दल दोनच अंदाज लावतात. एक तर मोजणीवाले, नाही तर गुप्तधनवाले. ते दोन्ही नसतात. ते पुरातत्त्वाचे विद्यार्थी असतात आणि ते जे करतात त्याला पृष्ठभाग सर्वेक्षण म्हणतात. न खणता, फक्त जमिनीवर दिसणारी खापरं, विटांचे तुकडे, मणी, लोखंडाचा मळ, राखेचे पट्टे पाहून जुनी वस्ती कुठं होती, केवढी होती, कोणत्या काळातली होती याचा अंदाज बांधायचा. कमी खर्चाचं काम आहे न जमिनीला इजाही नाही. एका गावापुरतं न राहता अख्ख्या खोऱ्याचं चित्र देणारी दुसरी पद्धत नाही.

पण या पद्धतीत एक गृहीत आहे. खापर जिथं पडलं, साधारण तिथंच आहे, हे ते गृहीत. आपल्या वऱ्हाडात आता ते धरून चालत नाही. जमीन जागेवर असेल, पण तिच्यावरची माती जागेवर नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्याकडं सर्वेक्षणाचा पहिला प्रश्न खापराला विचारायचा नाही, कास्तकाराला विचारायचा. या वावराचं गेल्या पन्नास वर्षांत काय काय झालं? त्याचं उत्तर वहीत उतरवल्याशिवाय मोजलेल्या खापरांच्या आकड्याला फार अर्थ नाही.

आपल्या भागात आहे तरी काय?

भरपूर आहे. वर्धेच्या काठावरचं कौंडण्यपूर आता तिवसा तालुक्यात आहे, आधी जुन्या चांदूर तालुक्यातलंच. रुक्मिणीचं माहेर, विदर्भाची जुनी राजधानी म्हणून आपण तिथं जत्रेला जातो. साठच्या दशकात मो. गं. दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल १९६८ साली निघाला. इसवी सनाच्या आधीपासूनची वस्ती तिथं सापडली.

दुसरं फुबगाव. हे आपल्या चांदूर रेल्वेकडचं नाही, चांदूर बाजार तालुक्यातलं, पूर्णेच्या वळणावरचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकानं पूर्णेच्या खोऱ्यात फिरून सर्वेक्षण केलं आणि डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ मध्ये तिथं उत्खनन झालं. लोहयुगातली वस्ती निघाली, साधारण इसवी सनापूर्वी ७ वं ते ४ थं शतक. गोल घरांच्या जागा, खांबांचे खड्डे, अकीक न कार्नेलियनचे मणी, लोखंडाच्या न तांब्याच्या वस्तू मिळाल्या. यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नदीच्या जुन्या पुरांनी त्या जागेचा जवळपास एक तृतीयांश भाग आधीच खाऊन टाकलेला होता. आणि आज ती नदी वरच्या धरणामुळं तिथं कोरडी पडलेली आहे.

तिसरं भोन, बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं, तेही पूर्णेच्याच काठावर. डेक्कन कॉलेजच्या बी. सी. देवतारे यांच्या पथकानं तिथं विटांचा स्तूप उजेडात आणला. ती जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडिताच्या छायेत आली, म्हणून तिची एवढी चर्चा झाली.

नागपूरकडं टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड, भागीमाहोरी आहेतच. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी आपल्या विदर्भातले लोक लोखंडाचं अवजार घडवत होते.

ही झाली नावाजलेली ठिकाणं. त्यांच्या मधल्या शेकडो शिवारांत काय आहे, हे फक्त पायी फिरूनच कळते.

पद्धत कशी चालते

आपल्या देशात जुनी रीत गावनिहाय फिरण्याची. गावात जायचं, पाटलाला-कोतवालाला विचारायचं, टेकाड, जुनं देऊळ, पडकी गढी, विहीर पाहायची आणि नोंद करायची. हेन्री कझेन्स यांची मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या पुराणवस्तूंची यादी १८९७ साली अशाच नोंदींतून आली. ही रीत स्वस्त आणि जलद आहे, पण तीत मोठंच दिसते. टेकाड दिसते, देऊळ दिसते. दोन-चार झोपड्यांची जुनी वाडी, गुराख्यांचा तळ, शेतातली खोपडी यादीत येत नाही.

दुसरी रीत रांगेत चालण्याची. पाच-सहा जण दहा-पंधरा मीटरचं अंतर ठेवून सरळ चालतात. प्रत्येक जण आपल्या पट्ट्यातली खापरं मोजतो आणि ओळख पटेल असे काठाचे, बुडाचे, नक्षीचे तुकडे तेवढे पाहतो. जिथं आकडा एकदम वाढला तिथं थांबून बारीक चौकोन आखतात. पेरूमधल्या विरू खोऱ्यात गॉर्डन विली यांनी १९४६ साली अख्ख्या खोऱ्यातल्या वस्त्यांचा अभ्यास केला, तेव्हापासून एका टेकाडाऐवजी पूर्ण प्रदेश पाहायची सवय जगभर रुजली.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण इटलीचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर रोमच्या उत्तरेला जमीन सुधारणा झाल्या, ट्रॅक्टर आले, खोल नांगरट सुरू झाली. शेकडो वर्षं वर न आलेली कौलं, विटा, खापरं फाळानं वर आणली. ब्रिटिश स्कूल ॲट रोमचे जॉन वॉर्ड-पर्किन्स यांच्या लक्षात आलं, की ट्रॅक्टर जागा दाखवतोही आहे न मोडतोही आहे. म्हणून त्यांनी पन्नासच्या दशकापासून माणसं शेतात उतरवली. आपल्याकडंही तेच चाललेलं आहे. फरक एवढाच, की आपल्याकडं ट्रॅक्टरच्या मागं रोटाव्हेटर आला, मागोमाग जेसीबी आला, आणि त्यांच्या मागं चालणारी माणसं फार थोडी.

काळी माती स्वतःच नांगरते

कृषी खात्यातल्या मित्रांना हे सांगायची गरज नाही, पण पुरातत्त्वाच्या पोरांना सांगावं लागते. आपली काळी कसदार जमीन स्मेक्टाइट गटाच्या चिकणमातीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खोल जमिनीत मीटरभरापर्यंतही जातात. वरची भुसभुशीत माती, तुकडे, काड्या त्या भेगांत पडतात. पाऊस आला की भेग मिटते, आतला भाग दाबानं वर सरकतो. हे वर्षानुवर्षं चाललेलं आहे. खालचा गोटा वर येतो न वरचा तुकडा खाली जातो. म्हणून वावरातले गोटे कितीही वेचा, संपत नाहीत.

याचा अर्थ काय? भारी काळ्या जमिनीत वर दोन खापरं दिसली म्हणून वस्ती छोटी होती असं म्हणता येत नाही. आणि बरड, मुरमाड उथळ जमिनीवर वीस दिसली म्हणून ती मोठी होती असंही नाही. बरड जमिनीवर तुकड्याला लपायला जागाच नसते. पूर्णेच्या पट्ट्यात तर नदीच्या गाळाचे थर इतके जाड, की जुनी वस्ती कित्येक फूट खाली असू शकते. तिथं वर काहीच न दिसणं म्हणजे काही नव्हतं असं नाही. तिथं नदीची दरड न नवी विहीर, या दोन जागा पाहायच्या.

इटलीतच कॅलाब्रियात अल्बर्ट ॲमरमन यांनी शेतात मुद्दाम कौलांचे तुकडे टाकले आणि वर्षानुवर्षं परत परत जाऊन पाहिलं. प्रत्येक वेळी त्यातला थोडाच भाग वर दिसला. एकदा फिरून केलेलं सर्वेक्षण म्हणजे एका सालच्या उतारीवरून जमिनीचा पोत ठरवण्यासारखं आहे. ज्या वावरातून आज दोन तुकडे मिळाले, तिथं पुढच्या नांगरटीनंतर परत गेलं पाहिजे.

आणि आपण काय करतो

निसर्गाचं एक झालं. आता आपल्या करणीचं पाहू.

पहिलं शेणखत. घरातलं फुटकं मडकं, राख, चुलीची माती उकिरड्यात जाते, उकिरडा बंडीत जातो, बंडी वावरात रिकामी होते. हे आजचं नाही. टोनी विल्किन्सन यांनी १९८२ साली पश्चिम आशियातल्या जुन्या शहरांभोवती मैलोन्‌मैल विखुरलेल्या बारीक खापरांचा अर्थ असाच लावला, की ती वस्ती नाही, खत टाकलेली शेतं आहेत. काहींनी त्यावर शंका घेतल्या, वाद झाला. पण ज्यानं आयुष्यभर खत पांगवलं त्याला हे पटायला वेळ लागत नाही. गावापासून दूर, वावरभर सारखी पसरलेली, अंगठ्याच्या नखाएवढी घासलेली खापरं दिसली तर आधी खताचा विचार करा. वस्तीची खापरं मोठी, धारदार आणि एका ठिकाणी दाट असतात, सोबत राख न हाडं असतात.

दुसरं गाळ. २०१७ पासून धरणातला, तलावातला गाळ उचलून शेतात टाकायची योजना चालू आहे. बरड जमिनीसाठी ते चांगलंच, मी त्याच्या विरोधात नाही. पण तलावाच्या पोटात कधी काळी वस्ती, घाट, मसणवट असेल तर तिची खापरं आता पाच किलोमीटरवरच्या वावरात पडलेली आहेत. पुढच्या पिढीतला कुणी विद्यार्थी तिथं नकाशावर नवी वस्ती दाखवून मोकळा होईल. गाळ कोणत्या तलावातून, कोणत्या साली, किती ट्रिपा आला, हे त्या कास्तकाराला तोंडपाठ असते. विचारायलाच कुणी येत नाही.

तिसरं मुरूम न सपाटीकरण. आपल्या चांदूर रेल्वे, धामणगाव, नांदगाव खंडेश्वर या तिन्ही तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. अप्पर वर्धाचे कालवे, नाला खोलीकरण, शेततळी, पांदण रस्ते, सगळ्यांना माती लागली किंवा सगळ्यांतून माती निघाली. वावराच्या कोपऱ्यातलं टेकाड ट्रॅक्टरला आडवं येते म्हणून जेसीबी लावून सारखं केलं, असं प्रत्येक गावात दोन-चार ठिकाणी सापडेल. त्या टेकाडाची माती वावरभर पसरली. आता तिथं चाललं तर खापरं तीन एकरांत दिसतील, पण मूळ वस्ती अर्ध्या एकराचीच असेल. किंवा टेकाडाचा मुरूम रस्त्यात गेला असेल आणि वावरात काहीच दिसणार नाही.

चौथं मशागत. लाकडी नांगर वीतभर जात होता, पलटी नांगर फूटभर जातो. रोटाव्हेटर वरचं सगळं बारीक करते. दुसरीकडं आता बरेच जण विनानांगरणीच्या पद्धतीकडं वळले आहेत. त्यांच्या वावरात खापर वर येणंच थांबलं. सर्वेक्षणवाल्याला वाटेल इथं काही नाही. शेजाऱ्याच्या नांगरलेल्या वावरात मात्र ढीगभर. धुऱ्याच्या अल्याड-पल्याड इतिहास वेगळा नव्हता, मशागत वेगळी आहे.

वावराची कुंडली

म्हणून मला वाटते, प्रत्येक गटासाठी खापरांच्या आकड्याआधी एक साधी कुंडली भरली पाहिजे. एका पानात मावते.

१. जमीन कोणती? भारी काळी, मध्यम, बरड, की नदीकाठची गाळाची. खोली किती, हे विहीर खणताना कळलेलं असते.
२. नांगरट कोणती, किती खोल, शेवटची कधी? विनानांगरणी असेल तर किती सालापासून?
३. बाहेरची माती आली का? गाळ, पांढरी, मुरूम. कुठून, कोणत्या साली?
४. इथली माती गेली का? टेकाड, वीटभट्टी, रस्ता, शेततळं.
५. शेणखत कोण टाकत होतं, गावातून की कोठ्यातून?
६. विहीर, बोअर, शेततळं खणताना कोणत्या खोलीवर काय लागलं? राख, विटा, हाडं, मडकी.
७. ओढ्या-नाल्याचं जुनं पात्र कुठं होतं? खोलीकरणानंतर कुठं आहे?
८. आज जमीन किती टक्के उघडी दिसते? काडीकचरा, तण, उभं पीक.
९. वावराला जुनं नाव काय? गटनंबर नाही, नाव.

या नऊ प्रश्नांना अर्धा तास लागतो. आणि त्यातला सहावा प्रश्न एकटाच दिवसभराच्या चालण्याएवढं देऊन जातो. विहीर म्हणजे फुकटात मिळालेला खड्डा. रोजगार हमीतून किंवा अनुदानातून नवी विहीर खणली जाते तेव्हा पहिल्या दहा-पंधरा फुटांचे थर उघडे असतात. बांधकाम व्हायच्या आधी कुणी त्याचा फोटो काढून ठेवला, फोटोत मापाची पट्टी ठेवली, तर ती कायमची नोंद होते.

केव्हा फिरावं

नांगरटीनंतर लगेच चालण्यात अर्थ नाही, ढेकळं धुळीनं माखलेली असतात न तुकडा ढेकळासारखाच दिसतो. एक चांगला पाऊस पडला, ढेकूळ फुटलं, तुकडे धुतले गेले, आणि पेरणी व्हायची आहे, ते आठ-दहा दिवस सोन्याचे. पण त्याच दिवसांत आपल्याला बियाण्याची घाई असते आणि ओल्या वावरात कुणी पाय दिलेला चालत नाही. म्हणून दुसरा पर्याय, सोयाबीन सोंगल्यावर हरभऱ्यासाठी जमीन तयार होते तेव्हा. कपाशीच्या वावरात पऱ्हाट्या निघाल्यावर. तुरीखाली पाला पडलेला असतो, तिथं टक्केवारी कमी धरावी. उभ्या सोयाबीनमध्ये येऊन कुणी सर्वेक्षण केलं असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

कोणत्या गटात काय पेरलं हे जाणायला आता वणवण नको. २०२१ पासून ई-पीक पाहणीत गटवार पेरा नोंदला जातो. सर्वेक्षणाच्या पथकानं महसूल खात्याकडून गावाचा पेरा आधी पाहिला तर कोणत्या महिन्यात कोणतं वावर उघडं मिळेल याचं वेळापत्रक घरबसल्या तयार होते. आणि टेकाडं सपाट व्हायच्या आधीचं शिवार पाहायचं असेल तर साठच्या दशकात अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी घेतलेली चित्रं १९९५ साली खुली झाली. पश्चिम आशियात त्यांच्यावरून शेकडो टेकाडं शोधली गेली. गावची जुनी माणसं जे सांगतात ते अशा चित्रांवर ताडून पाहता येते.

कृषीवाल्यांसाठी एक गोष्ट

स्वीडनमध्ये ओलोफ आऱ्हेनियस नावाचे मृदाशास्त्रज्ञ होते. शर्कराकंदाच्या लागवडीसाठी मातीची तपासणी करताना त्यांना दिसलं, की जिथं स्फुरद विनाकारण जास्त येतो तिथं जुनी वस्ती असते. हाडं, राख, शेण, मलमूत्र, सगळ्यांतला स्फुरद मातीला धरून राहतो, नत्रासारखा निघून जात नाही. गेल्या शतकाच्या विशी-तिशीतली ही गोष्ट. तेव्हापासून स्फुरदाचा नकाशा हे पुरातत्त्वाचं एक हत्यार झालं.

आपल्याकडं २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका निघतात. त्यातला आकडा उपलब्ध स्फुरदाचा आहे, वस्तीच्या खुणेसाठी एकूण स्फुरद मोजणं जास्त कामाचं. नमुनाही कोरडवाहूत दहा हेक्टरला एक, म्हणजे फार विरळ. आणि डीएपी न सुपर फॉस्फेटनं आकडा फुगलेला. म्हणून पत्रिकेवरून थेट काही ठरणार नाही. पण एका पांढरीच्या वावरात धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत दर दहा मीटरवर नमुना घेतला, शेजारी खत सारखंच टाकलेलं वावर तुलनेला घेतलं, तर कृषीच्या पदवीच्या विद्यार्थ्याला चांगला प्रकल्प होईल. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो आहे, अमरावतीला विद्यापीठ आहे. मातीवाले न इतिहासवाले एका बांधावर येऊन बसतील, एवढीच कमी आहे.

पांढर, रीठ, बेचिराग

आपली भाषा हेसुद्धा सर्वेक्षणाचं साधन आहे. गाव बसतं ती पांढरी, पिकतं ती काळी, हे आपल्या आज्या-पणज्यानं जमीन पाहूनच म्हटलं. शेकडो वर्षांची राख, भिंतींची माती, शेण मिसळून वस्तीची जमीन भुरकट होते. वावराच्या मधेच "पांढरीचं वावर" असेल तर तिथं कधी गाव होतं, हे सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. महसुली कागदात रीठ आणि बेचिराग ही नावं आहेत. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव, बेचिराग म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. माणूस गेला, पण मौज्याचं नाव कागदावर राहिलं. तलाठ्याकडून तालुक्यातल्या रिठांची यादी घेतली तर सर्वेक्षणाला सुरुवात करायला ती पुरेशी आहे.

पण पांढरीचं एक दुखणं आहे. ती माती खताला चांगली, घराच्या धाब्याला चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खणून नेली गेली. इजिप्तमध्येही असंच झालं. तिथले शेतकरी जुन्या मातीच्या विटांची टेकाडं खणून ती माती शेतात टाकत, तिला सेबाख म्हणत. १८८७ साली अमर्ना इथं सापडलेली राजदरबारांची मातीच्या पाट्यांवरची पत्रं अशीच, सेबाख खणताना एका बाईच्या हाती लागली असं सांगतात. त्या वेळी किती पाट्या मातीत मिसळल्या, कुणी मोजल्या? आपली पांढरी बंडीनं जात होती तोवर पिढीत हातभर जात होती. आता टिप्परनं जाते. एका उन्हाळ्यात रीठ संपते.

वावराची नावंही अशीच चालली आहेत. सातबाऱ्यावर गटनंबर आला न नाव गेलं. जुनी माणसं आहेत तोवर नावं आहेत.

"खापरं दाखवली तर वावर जाते का?"

हा खरा प्रश्न आहे, आणि तो टाळून कोणतंही सर्वेक्षण होणार नाही. कास्तकार पोरांना हाकलून देतो तो इतिहासाचा वैरी म्हणून नाही. रस्त्यात गेली, कालव्यात गेली, प्रकल्पात गेली, आता ही कशात जाणार, म्हणून हाकलतो.

तर कायद्याचं जेवढं पक्कं आहे तेवढं सांगतो. वावरात खापरं आहेत एवढ्यानं जमीन सरकारजमा होत नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची तर १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणं आधी सूचना काढावी लागते आणि हरकतीला दोन महिने द्यावे लागतात. त्यानंतर जाहीर झालं तर भोवतालच्या १०० मीटरांत बांधकामाला मनाई येते, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. हे बंधन खरं आहे, ते लपवून उपयोग नाही. पण ते जाहीर झालेल्या जागेला लागते, प्रत्येक खापराला नाही. राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे.

मडक्यात नाणी, दागिने असं काही निघालं तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांवरच्या किमतीचा दडलेला ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागते. दडवला तर गुन्हा होतो. कळवला तर सापडवणाऱ्याच्या न जमीनमालकाच्या हक्काचाही त्या कायद्यात विचार आहे. आणि स्वतःच्या वावरात का होईना, पुराणवस्तूसाठी आपण होऊन खड्डा खणायचा नाही. रात्री पूजा मांडून खणणाऱ्यांनी आजवर जेवढा इतिहास फोडला तेवढा रोटाव्हेटरनंही फोडला नसेल.

सर्वेक्षणवाल्यांनाही चार गोष्टी सांगायच्या आहेत. वावरात पाय द्यायच्या आधी घरी या, चहा घ्या, काय करणार ते मराठीत सांगा. काय उचललं ते दाखवा, शक्य तितकं जागेवरच मोजून तिथंच ठेवा. काम झाल्यावर गावात परत या न ग्रामसभेत नकाशा दाखवा. अहवाल इंग्रजीत पुण्या-नागपुरात राहिला तर पुढच्या वेळी धुऱ्यावरच थांबवलं जाईल. आणि गटनंबरासह अचूक जागा जाहीर छापू नका. गुप्तधनवालेही वाचतात.

आपल्याला यातून काय?

भावना बाजूला ठेवून बोलतो. डेक्कन कॉलेजच्या एम. डी. काजळे यांनी विदर्भातल्या लोहयुगीन वस्त्यांतून निघालेले जळके दाणे ओळखले. इनामगावला घोड नदीचं पाणी वळवण्यासाठी बांधलेला बांध न पाट सापडला, तीन हजार वर्षांपूर्वीचा. कोणत्या काळात लोक नदीकाठी राहिले, केव्हा वर सरकले, कोणती रीठ केव्हा उठली, हे पुराचं, दुष्काळाचं, पाण्याचं रेकॉर्ड आहे. पावसाचे मोजमाप असलेले आकडे दीडशे-दोनशे वर्षांचे असतील. खापरांचे तीन हजार वर्षांचे आहेत. एवढं मोठं रेकॉर्ड टिप्परमध्ये भरून पाठवायचं नसते.

म्हणून या उन्हाळ्यात एवढं करू. वहीचं एक पान घ्या. आपल्या वावराची कुंडली वरच्या नऊ प्रश्नांप्रमाणं लिहा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून वावराची जुनी नावं लिहा. जेसीबी लावायच्या आधी टेकाडाचा चारी बाजूंनी फोटो काढा, मोबाइलवर जागेची नोंद चालू ठेवून. नवी विहीर खणली तर बांधायच्या आधी थरांचा फोटो. खापर दिसलं तर उचलून खिडकीत ठेवू नका, जागेवर फोटो घ्या न तिथंच राहू द्या. ते जागेवरून हललं की त्याचं अर्धं मोल जाते.

उद्या कुणी पोर पिशवी घेऊन आलं तर त्याच्या हातात ते पान द्या. त्याला वाटेल आपण त्याला मदत केली. खरं तर त्याच्या अर्ध्या सर्वेक्षणाची जागा आपण आधीच पक्की केलेली असेल.

ज्यांच्या शिवारात पांढर किंवा रीठ आहे त्यांनी तालुका न वावराचं जुनं नाव तेवढं कळवा, गटनंबर नको. मिरगाच्या आधी यादी करू.